लतिका उईकेचा उणीवांक

पहिल्या टप्प्याची क्रमवारी जाहीर होऊन जेमतेम तास झाला होता. डॉ. शलाका गजभिये यांनी फोन टेबलाच्या खणात टाकला आणि खण लावून घेतला. आतून तो गुरगुरतच होता.

"आता कोण?" पडद्यावरून नजर न काढता अमोघ तारेने विचारलं.

"एका खेळाडूची आई. मुलगी एकतिसावी आली. शेजारणीची सातवी आहे, मग आमचीच एकतिसावी कशी, म्हणत होत्या. त्याआधी एक आमदार, त्यांची भाची आहे. त्याआधी एका वाहिनीवरचे गृहस्थ. त्यांना सगळं गणित दोन वाक्यांत हवं होतं, आणि दुसरं वाक्य गमतीदार हवं होतं."

नागपुरात वर्धा रोडला असलेल्या या क्रीडागणित प्रयोगशाळेत शलाका आणि अमोघ दोघंच मुख्य संशोधक. त्या काळात महाराष्ट्राची महिला व्यावसायिक बास्केटबॉल लीग ऐन भरात होती. सहा शहरांचे सहा संघ, पाच टप्प्यांत विभागलेला आठ महिन्यांचा हंगाम, आणि हंगामाअखेरीस सर्वोत्तम दहा खेळाडूंची निवड. सगळी भांडणं या शेवटच्या गोष्टीवरून. निवड पत्रकारांच्या मतांनी व्हायची, तेव्हा दरवर्षी कुणीतरी कोर्टात जायचं. मग ती मिळवलेल्या गुणांवर करून पाहिली, तर सगळ्या जणी दिसेल तिथून बास्केटकडे चेंडू भिरकावत सुटल्या आणि पास देणं हा प्रकारच बंद झाला. शेवटी लीगचे आयुक्त निरंजन खापर्डे यांनी शलाकाला गाठलं. "मॅडम, अशी क्रमवारी करून द्या, की कोणाला तोंड उघडायला जागाच राहू नये," ते म्हणाले होते.

तिने तशी करून दिली होती. आता सगळ्यांची तोंडं उघडी होती.

दारात खुद्द खापर्डे उभे राहिले. ते एकेकाळचे खेळाडू, त्यामुळे दारातून येताना त्यांना वाकावं लागे. आज ते वाकायचे विसरले. कपाळ चोळतच आत आले.

"लतिका उईके शेवटची?"

"शेवटून दुसरी," शलाका म्हणाली.

"तिच्या खाली कोण आहे?"

"गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरी बसलेली एक मुलगी. ती अजून एकही सामना खेळलेली नाही."

खापर्डे खुर्चीत बसले. लतिका उईके नागपूरच्या संघाची कर्णधार. मूळची चंद्रपूरकडची, वय छत्तीस, लीगमधली सर्वांत अनुभवी खेळाडू. नागपूरने मागच्या सलग दोन हंगामांत अंतिम फेरी गाठली ती तिच्यामुळे, असं खापर्डे स्वतः प्रत्येक भाषणात सांगत आले होते.

"यंत्र चुकलंय तुमचं."

"चुकलं असतं तर मी पेढे वाटले असते," शलाका म्हणाली. "अमोघ, तूच सांग. मी तासभर सांगतेच आहे."

अमोघने खुर्ची वळवली. "सर, प्रत्येक खेळाडूच्या सामन्यातल्या पोशाखात संवेदक असतात. ती कशी धावते, कुठे वळते, दमली की कोणता हात वापरते, कोणाला पास देते, ही सगळी माहिती आमच्याकडे येते. त्यावरून संगणकात तिची प्रतिछाया तयार होते. खेळाडू नवीन काही शिकली की प्रतिछायाही ते शिकते. सगळ्या प्रतिछायांना एकमेकींशी खेळवलं की झालेला टप्पा पुन्हा जसाच्या तसा खेळला जातो. निकाल जुळतात, आम्ही तपासलंय."

"बरं, पुढे?"

"पुढे एकीला वजा करायचं," शलाका म्हणाली. "तिच्या जागी राखीव खेळाडू घ्यायची, आणि तोच टप्पा तिच्याशिवाय हजारो वेळा खेळवायचा. त्या टप्प्याला आम्ही प्रतिहंगाम म्हणतो. ती नसताना संघ सामन्यामागे जितक्या गुणांनी घसरतो, तो तिचा उणीवांक. जिच्यावाचून जास्त अडतं, ती मोठी खेळाडू. मुंबईतून झरीन मुकादम वजा केली तर मुंबई सामन्यामागे चौदा गुणांनी खाली येते. म्हणून ती पहिली."

"आणि नागपूरमधून लतिका वजा केली तर?"

"नागपूरला पत्तासुद्धा लागत नाही."

खापर्डे पुन्हा कपाळ चोळू लागले. मग म्हणाले, "निकष बदला थोडासा."

"हंगाम चालू असताना निकषाला हात लावायचा नाही, असं करारात कलम आहे. मीच आग्रहाने घालून घेतलं होतं, नाहीतर रोज एक आमदार बदलून घ्यायला आला असता."

"तुम्हालाच नडलं ते."

"नडलंच."

लतिकाला मात्र ते त्याहून जास्त नडणार होतं. प्रत्येक टप्प्यानंतर संघाला एक खेळाडू सोडता येत असे, आणि सोडलेल्या खेळाडूंना घेण्याचा पहिला मान गुणतक्त्यातल्या तळाच्या संघाचा असे. शिवाय उणीवांक आल्यावर संघमालकांनी आणखी एक नियम मंजूर करून घेतला होता. हंगामाअखेर ज्या खेळाडूचा उणीवांक एकच्या खाली असेल, तिची पुढच्या हंगामासाठी नोंदणी होणार नाही. नागपूरच्या मालकांनी आकडा पाहिला आणि आपल्या कर्णधाराला सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी लतिका प्रयोगशाळेत आली. रडवेली नव्हती, भांडायलाही आली नव्हती. समोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, मला समजून घ्यायचं आहे. मी नेमकं काय केलं?"

शलाकाने पुन्हा एकदा, पण या वेळी न चिडता, सगळं सांगितलं. लतिका लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हणजे मी नसली तरी पोरी जिंकतात."

"हो."

"मग हे तर चांगलं झालं न! त्याच्यासाठीच तर सात वर्षं बोंबलून राहिली होती मी. उंच पोरीला मी चेंडू घेऊन पळायला लावते. बुटकीला बास्केटखाली उभी करते. सरावाला सगळ्यांनी दुसरीची जागा खेळून पाहायची. वैतागतात, मनातल्या मनात शिव्याही घालतात मला. पण मग एखादी आजारी पडली तर कोणाचं अडत नाही." ती थांबली. तिचा आवाज प्रथमच चढला. "पण मग मला काढलं काहून, मॅडम? अडत नाही म्हणून? तेच तर माझं काम होतं!"

लतिका गेल्यावर शलाका अमोघवर घसरली, कारण खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"दिसतंय का तुला काय झालंय ते? लतिकाला वजा केल्यावर जे नागपूर उरतं, ते तिने शिकवलेलं नागपूर आहे. तिला वजा करता येतं. तिने दिलेलं वजा होत नाही."

"मग तिचा सरावही वजा करू."

"कशावरून करणार? संवेदक सामन्यातल्या पोशाखात आहेत. सरावात कोण कोणाला काय शिकवतं, याची नोंदच नाही. आणि समजा असती, तरी किती मागे जायचं? लतिकाला शिकवणारीलाही वजा करायचं का? मग तिच्या गुरूला?"

"मग काय करायचं?"

"काही नाही. कलम आहे ना!"

दुसऱ्या टप्प्यात नागपूर लतिकाशिवाय खेळलं आणि प्रतिहंगामात जितकं जिंकलं होतं, जवळजवळ तितकंच जिंकलं. वर्तमानपत्रांनी शलाकाचा फोटो छापला. लोकांनी अभिनंदनाचे फोन केले. तिला प्रत्येक अभिनंदनाला ओरडून उत्तर द्यावंसं वाटत होतं.

लतिकाला तळाच्या अमरावतीने घेतलं. तिथे तिने तेच केलं, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं, किंवा करायचं नव्हतं. टप्पा संपेपर्यंत अमरावती तिसरी आली. लतिकाचा उणीवांक पुन्हा शून्याच्या आसपास. अमरावतीनेही तिला सोडलं. मग कोल्हापूर. मग नाशिक.

"मॅडम, बॅग उघडायचीच सोडली आता," तिने एकदा नाशिकहून फोनवर सांगितलं. "पण इथली एक पोरगी भारी आहे हां. आडदांड आहे नुसती. तिला वाटायचं आपलं काम फक्त धक्के द्यायचं. काल तिने असा पास दिला, की मीच टाळ्या वाजवल्या."

"लतिकाताई, अहो, थोडं स्वतःसाठी खेळा की. एकच टप्पा. चेंडू हातात ठेवा, कोणाला काही सांगू नका. उणीवांक एकच्या वर गेला की झालं. नोंदणी राहील तुमची."

"करून पाहिलं न मी," लतिका म्हणाली. "एका सामन्यात. गप्प राहिली. बाजूची पोरगी चुकीच्या जागी उभी, मला दिसून राहिलं, आणि तोंड दाबून धरलं. दुसऱ्या डावात नाही राहवलं. ओरडलीच तिच्यावर."

शलाकाने फोन ठेवला आणि डोकं धरून बसली. या बाईला वाचवणं यंत्राला जमत नव्हतं, आणि या बाईला स्वतःलाही.

इतर खेळाडूंना मात्र उणीवांक बरोबर समजला होता. सगळ्यांत आधी झरीन मुकादमला. नागपाड्याच्या मैदानावर मुलांशी खेळत वाढलेली झरीन वेगवान होती, हुशार होती आणि मुंबईची कर्णधार होती. आपल्यावाचून अडायला हवं, तर दुसऱ्या कोणाला आपलं काम येता कामा नये, हे तिने पहिल्याच टप्प्यात ओळखलं. चाल कोणती खेळायची याच्या खुणा ती ठरवायची, आणि त्या पूर्ण फक्त तिलाच माहीत असायच्या. बास्केटखाली खेळणाऱ्या उंच मुलीने ते पाहिलं आणि आपली वळण्याची लकब राखीव मुलीला दाखवणं बंद केलं. मग लांबून नेम धरणारीनेही हात आखडला. मुंबईच्या सरावात कोणी कोणाशी बोलेनासं झालं. संघ एकदा तळाला आला, तेव्हा लतिकाला घेण्याची पहिली संधी त्यांचीच होती. झरीनने मालकांना एका वाक्यात सांगितलं, "इथे शाळा उघडायची आहे का?" आणि लतिका पुण्याला गेली.

खापर्डे खूश होते. सामने रंगत होते. पाच संघ इतके सारखे झाले होते, की शेवटच्या मिनिटापर्यंत कोण जिंकणार ते कळत नसे. प्रेक्षक बसायला जागा मिळत नाही म्हणून पायऱ्यांवर बसत. "बघा मॅडम, तुमच्या यंत्राने स्पर्धा वाढवली," ते म्हणाले. शलाकाने पुन्हा लतिकाचं सांगायला सुरुवात केली, पण ते ऐकायला थांबले नाहीत.

हंगाम संपला. ज्या दिवशी संध्याकाळी सर्वोत्तम दहांचा सत्कार होता, त्या दिवशी सकाळी अमोघने संपूर्ण हंगामाचा निकाल काढला. मग त्याने तो पुन्हा काढला. मग शलाकाला हाक मारली.

तिने पाहिलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला हसू आलं. ते हसू काही चांगलं नव्हतं.

खापर्डे धावतपळत आले. या वेळी दाराशी वाकले.

"बोला. पहिली कोण?"

"झरीन मुकादम, मुंबई."

"छान. दुसरी?"

"मुंबईची. तिसरीही मुंबईची. चौथीही." शलाकाने पडदा त्यांच्याकडे वळवला. "दहाच्या दहा मुंबईच्या आहेत, सर."

"मुंबई शेवटची आली आहे!" खापर्डे ओरडले. "तीस सामन्यांत सहा जिंकलेत त्यांनी!"

"तरीही त्यांच्या एकेकीवाचून त्यांचं सगळ्यांत जास्त अडतं. कारण तिथे कोणालाच दुसरीचं काम येत नाही. एक वजा केली की संघ कोसळतो. झरीनला प्रतिस्पर्ध्यांनी अडवलं तरी कोसळतो, म्हणून तर हरले. उरलेल्या पाच संघांतून कोणालाही वजा करा. बाकीच्या जागा भरून काढतात."

"पाचही संघांत?"

"लतिका उईके पाचही संघांत राहून आली आहे."

खापर्डे यांनी खुर्ची ओढून घेतली. शलाकाने त्यांना पाणी दिलं, कारण मुख्य गोष्ट अजून सांगायची होती.

"सर, तो एकच्या खालचा नियम. पाच संघांतल्या एकाही खेळाडूचा उणीवांक एकपर्यंत पोचत नाही. विजेत्या नागपूरच्याही नाही. नियमाप्रमाणे त्या सगळ्यांची नोंदणी आजपासून रद्द. पुढच्या हंगामात तुमच्याकडे एकच संघ आहे. तळाचा."

खापर्डे यांनी ग्लास एका दमात रिकामा केला.

"नियम खड्ड्यात घाला," खापर्डे शेवटी म्हणाले. "मालकांच्या सह्या मी दुपारपर्यंत आणतो. पण आजचा सत्कार? त्याला तुमचं कलम आहे. निकष बदलता येत नाही."

"नाही येत."

"पाहुणे येणार आहेत. थेट प्रक्षेपण आहे."

"मी पहिल्या टप्प्यापासून सांगत होते, सर."

"तुम्ही मला समजेल असं सांगत नव्हता!" खापर्डे म्हणाले, आणि ते दारातून जाताना पुन्हा वाकायला विसरले.

संध्याकाळी खच्चून भरलेल्या सभागृहात दहा नावं पुकारली गेली. तिसऱ्या नावाला कुजबुज सुरू झाली, पाचव्याला लोक हसायला लागले, आठव्याला तर काही जण पुढचं नाव स्वतःच ओरडून सांगू लागले. मुंबईच्या दहा जणी मंचावर ओळीने उभ्या होत्या, एकमेकींपासून हातभर अंतर राखून. एकीनेही दुसरीकडे पाहिलं नाही. सगळ्यांत शेवटी, पहिल्या क्रमांकाची झरीन आली. तिने चषक घेतला, कॅमेऱ्यासाठी हसली आणि ते हसू ओठांवर तसंच ठेवून विंगेत गेली.

शलाका मागच्या दाराने सटकण्याच्या बेतात होती. झरीनने तिला व्हरांड्यात गाठलं.

"माझी चेष्टा केली तुमच्या यंत्राने."

"त्याला चेष्टा येत नाही."

"तुम्ही जे मोजत होता तेच मी करत होते, मॅडम! पूर्ण सीझन! सांगितलं असतं की हे चुकीचं आहे, तर..."

"मी सगळ्यांना सांगत होते," शलाका म्हणाली. आता तिचाही संयम सुटला. "आयुक्तांना, मालकांना, वाहिनीवाल्यांना. सगळे मला बरोबर ठरल्याबद्दल हार घालत होते. मी बरोबरच होते, झरीन. इतका मनस्ताप मला चुकल्यावरही कधी झाला नव्हता."

झरीनने चषकाकडे पाहिलं. तेवढ्यात समोरून लतिका येताना दिसली. तिच्याभोवती पुण्याच्या, नाशिकच्या, नागपूरच्या मुलींचा घोळका होता आणि त्या सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. झरीन पुढे झाली. घोळक्याने तिला वाट दिली.

"लतिकाताई," ती म्हणाली. पुढचं वाक्य तिला जड गेलं. "नोंदणीचा नियम रद्द झाला म्हणे. मुंबईला याल?"

लतिकाने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला माहीत आहे न काय होईल ते? हा तुझा चौदा-पंधराचा आकडा आहे, तो राहणार नाही. तुझ्या पोरींनाही सगळं येऊन जाईल. मग तुझ्यावाचून कोणाचं अडणार नाही."

"माहीत आहे."

"रडशील."

"आत्ता काय हसतेय का मी?"

लतिका हसली. "बरं. मग पहिली गोष्ट. तू डावीकडून कधीच जात नाहीस. डावा हात कच्चा आहे तुझा. पाचही संघांना मी हे सांगून ठेवलं होतं, म्हणून तर तुला सगळे उजवीकडेच अडवत होते."

झरीनचं तोंड उघडंच राहिलं. रागाची एक लहर तिच्या चेहऱ्यावरून गेली, आणि मग ती खरोखर हसायला लागली.

"आत्ता दाखवता?"

"बाजूचं मैदान उघडं आहे. चेंडू कोणाकडे आहे का ग?"

नाशिकच्या आडदांड मुलीने कुठूनसा चेंडू काढला. झरीनला दोन्ही हात मोकळे हवे होते. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ उभ्या असलेल्या शलाकाच्या हातात चषक दिला.

"हे जरा धरा, मॅडम."

मग सगळ्या जणी मैदानाकडे गेल्या. थोड्या वेळाने तिकडून चेंडू आपटल्याचा आवाज आला आणि लतिकाचं ओरडणं ऐकू आलं, "डावा! डावा म्हटलं न मी!"

शलाका व्हरांड्यात उभी होती. हातातला चषक चांगला जड होता. तो कुठे ठेवावा म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं. ठेवण्यासारखी जागा दिसेना, तेव्हा ती तो काखेत मारून मैदानाच्या कडेला जाऊन बसली.